लव्हाळा

लव्हाळा (शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस, कुल सायपेरेसी, म्हणजेच मुस्तक कुल) ही गवतासारखी दिसणारी, परंतु गवत नसलेली बहुवर्षायू वनस्पती असून नांदेड व लातूर जिल्ह्यांत गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड या नद्यांच्या मळईपासून बागायती रानांपर्यंत, जेथे ओल काही आठवडे टिकते अशा बहुतेक जागी ती आढळते. लिनीअस यांनी १७५३ साली तिला आजचे शास्त्रीय नाव दिले. या भागातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद मुख्यतः वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांच्या ग्रंथांतून झाली असून, लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला असल्यामुळे १९७९ च्या त्यांच्या उस्मानाबादविषयक ग्रंथात आजच्या लातूरचाही प्रदेश येतो. पुढे १९९८ साली त्यांनी संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला.

गवत आणि मुस्तक कुलातील वनस्पती यांतील भेद बोटांनीही ओळखता येतो. गवताचे खोड गोल, पेरेदार व बहुधा पोकळ असते, तर लव्हाळ्याचा फुलोरा धरणारा दांडा भरीव, बिनपेरांचा आणि तीन धारांचा असतो. गवताची पाने दोन रांगांत, तर लव्हाळ्याची तीन रांगांत येतात व त्यांचे आवरक, म्हणजे खोडाला वेढणारा पानाचा तळभाग, नळीसारखे बंद असते. पाने गडद हिरवी, चकचकीत व अरुंद असून झाडाची उंची साधारणतः १५ ते ६० सेंमी. भरते. दांड्याच्या टोकाशी पानांसारखी दोन ते चार छदे असतात आणि त्यांच्या बगलेतून कमी-अधिक लांबीच्या किरणांवर तांबूस तपकिरी, चपट्या कणिशिका येतात. फुलांना पाकळ्या नसतात. प्रत्येक फूल एका खवल्याच्या आड असते व त्यात तीन पुंकेसर आणि तीन शाखांचा किंजल असतो. परागण वाऱ्याने होते. फळ हे तीन कंगोऱ्यांचे एकबीजी कपाली फळ असले, तरी रुजण्याजोगे बी फारच कमी धरते.

बियांची ही उणीव जमिनीखाली भरून निघते, आणि लव्हाळ्याचे खरे वनस्पतिशास्त्र तेथेच आहे. कोंबाच्या बुडाशी एक लहान कंद तयार होतो. त्यातून पांढरी, मऊ, खवलेदार मूलक्षोडे, म्हणजे जमिनीखाली आडवी धावणारी खोडे, निघतात, काही अंतरावर फुगून त्यांचे नवे कंद बनतात आणि त्या कंदांतून पुन्हा मूलक्षोडे फुटतात. अशी कंदांची माळ तयार होते. जुनी झालेली मूलक्षोडे काळी व तारेसारखी चिवट होतात. बहुतेक कंद जमिनीच्या वरच्या १५ सेंमी. थरात असतात, तथापि काही त्याहून बरेच खोल जातात. माळेच्या टोकाचा कंद फुटला की तो मागच्या कंदांतील डोळ्यांना दाबून ठेवतो. या गुणाला अग्रप्रभुत्व म्हणतात. नांगराने किंवा वखराने माळ तुटली की हा दाब नाहीसा होतो आणि सुटा झालेला प्रत्येक कंद स्वतंत्र रोप देऊ लागतो, त्यामुळे अर्धवट केलेली मशागत लव्हाळ्याची लागवडच ठरते. संतवाङ्मयामुळे मराठी मनात पुरापुढे लवून वाचणारा लव्हाळा नम्रतेचे रूप होऊन बसला आहे. त्याचे लवचीक दांडे पाण्याला अडवत नाहीत हे खरेच, पण पूर ओसरल्यावर तो पुन्हा उभा राहतो तो बहुतांशी या गाडलेल्या माळेच्या बळावर.

अधिवासाच्या दृष्टीने तो पाण्यातला नव्हे, तर पाण्याच्या काठचा रहिवासी आहे. तलावाच्या कायम पाण्यात पाणकणीस, उथळ पाण्यात एलिओकॅरिस व शीनोप्लेक्टस या प्रजातींतील त्याचे भाऊबंद आणि त्यांच्या बाहेर, पाणी येऊन ओसरणाऱ्या पट्ट्यात लव्हाळा, असा क्रम सामान्यतः लागतो. फार दिवस साचलेले पाणी त्याला मानवत नाही. भाताच्या खाचरांत वाढणारे त्याचे काही प्रकार मात्र याला अपवाद आहेत. कालिदासाच्या शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात रानडुकरे डबक्यात मोथा, म्हणजे लव्हाळ्याचे कंद, उकरतात, तो अधिवास वनस्पतिशास्त्रज्ञानेही मान्य करावा इतका नेमका आहे. धरणांचे पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी त्याला मूळच्या नदीकाठाइतक्याच सोयीच्या असतात.

शेत हा त्याचा दुसरा अधिवास. बेसाल्टपासून बनलेली येथील काळी, चिकण माती ओल धरून ठेवते, आणि पावसाची झड लागली की वाफसा येत नाही, म्हणून खुरपणी-कोळपणी थांबते. नेमक्या त्याच दिवसांत लव्हाळा पिकाच्या पुढे जातो. हराळी, कुंदा आणि लव्हाळा ही काळ्या रानाची तीन हट्टी बहुवर्षायू तणे होत. मांजराकाठचा ऊस व अर्धापूरकडील केळी यांना बारमाही मिळणाऱ्या पाण्याने नदीकाठची स्थिती शेतातच निर्माण केली, त्यामुळे एरवी पावसाळ्यापुरता फुटणारा लव्हाळा तेथे उन्हाळ्यातही हिरवा राहतो. तलावांतील गाळ रानात पसरला जातो तेव्हा त्याबरोबर कंदही येऊ शकतात. १९७७ साली लेरॉय होम व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या जगातील उपद्रवी तणांच्या ग्रंथात लव्हाळ्याला पहिले स्थान मिळाले, ते ९०हून अधिक देशांतील त्याच्या आढळामुळे.

त्याच्या दोन दुबळ्या बाजू आहेत. तीव्र उन्हात कार्यक्षमतेने प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सी-४ वर्गातील ही वनस्पती सावलीत खुरटते, म्हणून सोयाबीनच्या ओळी लवकर मिळाल्या किंवा उसाने रान झाकले की तिचा जोर ओसरतो. दुसरे म्हणजे कंद कोरडेपणा सोसत नाहीत. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळे तापू दिली आणि वखरणीत वर आलेल्या काशा, म्हणजे मूलक्षोडे, व कंद वेचून रानाबाहेर काढले, तर वरच्या थरातील साठा घटतो. उसात हॅलोसल्फ्यूरॉन मिथाईल हे तणनाशक वापरतात. ग्लायफोसेट पानांतून खाली उतरते, पण ज्या सुप्त कंदांना पानच नाही त्यांच्यापर्यंत ते पुरेसे पोचत नाही, हे लव्हाळ्याच्या वारंवार उगवण्याचे एक कारण आहे.

कंद कडवट व सुवासिक असून आयुर्वेदात ते मुस्ता या नावाने ज्वर, अतिसार व अपचन यांवर सांगितले आहेत. तापात द्यावयाच्या षडंगपानीयातील सहा द्रव्यांपैकी मुस्ता एक आहे. कंदांतील बाष्पनशील तेलात सायपरीन, अल्फा-सायपरोन इत्यादी घटक असतात. दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा बाजारात लव्हाळ्याचा असतो, तसाच सायपेरस स्कॅरिओसस या जवळच्या जातीचाही असतो, आणि वाळवून कुटल्यावर दोन्ही नजरेने वेगळे करणे कठीण जाते. सायपेरस एस्क्युलेंटस या दुसऱ्या जातीशीही लव्हाळ्याची गल्लत होते. मात्र तिच्या कणिशिका पिवळसर असतात, कंद गोडसर व खाद्य असतात आणि ते माळेत न येता मूलक्षोडाच्या टोकाशी एकेकटे धरतात.