रवा, रडू, लाडू

सणासुदीच्या दिवशी मुलांचे सर्वांत मोठे दुःख कोणते? फराळ झाला, फटाके संपले, आता करायचे काय, हे! १८७७ च्या नाताळात इंग्लंडातील दोन मुलींचे हेच दुःख होते. ते त्यांनी लुई कॅरॉल यांच्या कानावर घातले. १८६५ साली अ‍ॅलिसच्या अद्भुत सफरीची गोष्ट लिहिणारे हे गृहस्थ म्हणजे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजातील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन. त्यांनी मुलींना उपदेश केला नाही, की शब्द पाठ करायला दिले नाहीत. त्यांनी एक खेळ रचून दिला.

खेळ असा : सारख्या लांबीचे दोन शब्द घ्यायचे. दर पायरीला एकच वर्ण बदलून पहिल्याचा दुसरा करायचा. मात्र प्रत्येक पायरीवर खराखुरा शब्दच उभा राहिला पाहिजे. ज्याच्या पायऱ्या कमी, त्याची सरशी. कॅरॉलसाहेबांच्या नमुन्यात ‘हेड’ म्हणजे डोके, मधल्या चार शब्दांवरून उतरत उतरत ‘टेल’ म्हणजे शेपूट होते! मार्च १८७९ पासून लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात ‘डब्लेट्स’ या नावाने या खेळाच्या बक्षिसी स्पर्धा सुरू झाल्या आणि मोठी माणसेही त्यात रमली. त्याच वर्षी पुस्तकही निघाले.

मराठीत हा डाव खेळताना सुट्या वर्णाऐवजी काना-मात्रेसकट एक अक्षर बदलावे. गाय, गाव, वाव, वाघ. तीन पायऱ्यांत गाईचा वाघ झाला! घरातले धाकटे पोर लगेच विचारील, “आजी, वाव म्हणजे काय?” सारा खेळ या एका प्रश्नासाठी आहे. पाठ केलेला शब्द विसरतो. अडल्यावर सापडलेला शब्द आपला होतो. आता फराळाचे पाहा : रवा, रडू, लाडू. जिचा पाक एकदा तरी बिघडला आहे, त्या सुगरणीला मधली पायरी समजावून सांगायला नको.

शुद्धलेखनाचेही तसेच. रात, रान, दिन. येथे कोणी दुसरी वेलांटी दिली तर दिवस उगवत नाही. ‘दीन’ म्हणजे बापडा गरीब माणूस दारात येऊन उभा राहतो. फळ्यावर कंटाळवाणा वाटणारा हा धडा, डाव हुकला की जन्माचा लक्षात राहतो.

याच कॅरॉलनी १८९० साली पत्रलेखनावर एक चिमुकली पुस्तिका काढली. मित्राला झोंबेल असे पत्र लिहून झाले तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवावे आणि मग आपल्यालाच आले आहे असे समजून वाचावे, असा सल्ला तिच्यात आहे. एका शब्दाने काय काय बदलते, हे खेळात कळलेल्या माणसाला तो सहज पटेल.

आज पोस्टकार्डाची जागा फोनवरच्या त्रोटक निरोपांनी घेतली आहे. पुष्कळ घरांत आजीचे शब्द नातवंडांना परके होत चालले आहेत. रागावून ते परत यायचे नाहीत; खेळायला बोलावले तर येतील.

तेव्हा यंदा फराळाच्या ताटाभोवती एवढे कोडे सोडवा : ‘वात’ घ्या आणि तीन पायऱ्यांत तिचा ‘दिवा’ करा. वाटेत रात्र लागेल, एक पोपटही भेटेल. आजीला विचारा, त्या पोपटाचे जुने नाव तिला नक्की ठाऊक असेल.