दोरीला हात लागला की वाटा

"पोरांका बाजूक घेवा!" कुणीतरी ओरडतं. तुम्ही मुलाचा दंड धरून त्याला मागे ओढता, मुलगी आपणहून सरकते, आणि जाळ्याने भरलेली होडी ओंडक्यांवरून धडधडत पाण्यात शिरते.

मालवणची दांडी, ऑक्टोबर १९५८. पाऊस सरलाय, नारळीपौर्णिमेचा नारळ कधीच समुद्राला दिलाय. समोर सिंधुदुर्गाचा तट आहे म्हणून जागा ओळखू येते. बाकी पॅरासेलिंगची छत्री नाही की स्कूबाची पाटी नाही. हा मुलूख अजून रत्नागिरी जिल्ह्यात मोडतो. तुमच्या हातातली रीळ लावलेली काठी बघून एक म्हातारा गालात हसतो.

"गरी घेऊन इलात? ठेवा ती थंय. आज रापण आसा."

काठी माडाला टेकवून तुम्ही मुलांसह रांगेत उभे राहता. दोरीचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवून होडी निघालीय. होडीचा म्होरक्या, तांडेल, उभा राहून पाण्याचा रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघतो, वल्हेकरी वल्ही मारतात, जाळं मागे सुटत जातं. समुद्रात मोठा अर्धगोल काढून होडी पार पलीकडे किनाऱ्याला लागते आणि दुसरी दोरी तिथल्या माणसांच्या हाती येते. आता दोन रांगा, मध्ये समुद्राचा एक तुकडा आणि त्यात काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

"व्हडा रे!"

काथ्याची ओली दोरी पहिल्या दहा मिनिटांत तळहात सोलते. तुमच्या मुलाला हे मजेचं वाटतं, मग वाटेनासं होतं. "बाबा, मासे कधी येणार?" शेजारचा गाबित मच्छीमाराचा पोर त्याच्याच वयाचा, कमरेला पंचा एवढाच. तो उत्तर देत नाही. ओढून आलेल्या दोरीची वेटोळी घालणं हे त्याचं काम आहे आणि तो ते नीट करतोय. थोड्या वेळाने तुमचा मुलगाही वेटोळी घालू लागतो. पहिलं वेटोळं उलटं पडतं. गाबिताचा पोर ते मोडून पुन्हा घालून दाखवतो.

मुलांना मासेमारीला न्यायचं म्हणजे त्यांच्या हाती काठी देऊन गप्प बसवायचं, अशी आपली शहरातली समजूत. इथे गप्प बसायला सवड कुणाला आहे? म्हातारे, बायका, शाळा बुडवलेली मुलं, सगळ्यांचे हात दोरीला आहेत. मुलगी विचारते, "ह्यांना पगार कोण देतं?" पगार नाही, वाटे आहेत. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. आणि रापणीशी काही संबंध नसलेल्या वाटसरूनेही दोरीला हात लावला, तर तोही रिकाम्या हाताने जात नाही.

दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. जाळं सुताचं आहे, झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवून तांबूस केलेलं. नायलॉन अजून इथे पोचायचंय. पुढे ट्रॉलर येतील, त्यांच्याशी भांडणं होतील, १९८१ मध्ये सागरी मासेमारीचा कायदा होईल, मग पर्ससीन जाळी येईल आणि २०१६ मध्ये सरकारला तिच्यावरही बंधनं घालावी लागतील. तांडेलाला हे सांगावं असं तुमच्या मनात येतं. पण तो तुम्हाला विचारतोय, मुंबईत ताजो बांगडो मिळता काय, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर देणंच पुरेसं लाजिरवाणं आहे.

मग जाळ्याची खोळ उथळ पाण्यात येते आणि पाणी उकळायला लागतं. बांगडे, तारल्या, पेडवे, चंदेरी शेतकं, सगळं एकावर एक उड्या मारतंय. घारी डोक्यावरून झेपावतात. तुमचा मुलगा गुडघाभर पाण्यात घुसतो.

"शिंगाळ्याक हात लावू नको रे, काटो लागात!"

तो हात मागे घेतो आणि त्याला केंड सापडतो. हा मासा चिडला की पोट टम्म फुगवतो. खायचा नाही, विषारी. जाळंही कुरतडतो, म्हणून मोठी माणसं त्याला शिव्या घालतात. मुलं मात्र त्याच्याभोवती रिंगण धरून बसतात, वाळवीच्या वारुळाभोवती कोंबड्या जमाव्यात तशी. तारल्यांचा ढीग मोठा आहे. बऱ्याचशा मिठात जातील, उरलेल्या माडांच्या मुळाशी खत म्हणून.

वाटे पडतात. "घे गो चेडवा, हो तुझो वाटो." मुलीच्या ओंजळीत मावत नाहीत इतके बांगडे. तिला हे अपेक्षितच नव्हतं. ती तुमच्याकडे बघते, तुम्ही मान हलवता. लगेच पाटी घेऊन आलेली एक बाई पुढे होते. तीन आण्यांना देतेस? मुलीला आणे ठाऊक नाहीत. बाईकडे आणे नाहीतच, गेल्या वर्षी निघालेले नवे पैसे आहेत. आण्याचे सहा, म्हणजे तिनाचे अठरा, असा हिशेब करून ती नाणी मोजते.

"एकोणीस!" वेटोळीवाला पोर मध्येच ओरडतो. शाळेत कोष्टक पाठ करून घेतलंय: एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, पण तिनाचे एकोणीस.

बाई कमरेवर हात ठेवते. "मगे तो एक पैसो तुझ्या गुरुजीकडसून घे!"