कुणी समोर नसताना दूरच्या सर्व्हरवर फोल्डर कसा तयार होतो?

फोनमध्ये 'न्यू फोल्डर' दाबलं की काम झालं. पण तोच फोल्डर दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर, रात्री दोन वाजता, आपोआप तयार व्हायला हवा असेल तर? रोज नव्या तारखेचा फोल्डर बनवायचा आणि त्या दिवसाच्या फाइल्स त्यात टाकायच्या, हे काम अनेक ठिकाणी माणूस नाही, प्रोग्राम करतो.

यासाठी जुना पण अजूनही वापरात असलेला मार्ग म्हणजे एफटीपी, अर्थात फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. फोल्डर बनवण्याचा 'एमकेडी' हा आदेश मात्र १९८५ च्या मानकात आला.

मग एक्सएमएल कुठे येतं? प्रोग्रामला काय करायचं हे सांगण्यासाठी. 'अपाची अँट' या मोफत टूलमध्ये एक्सएमएल फाइलीत सर्व्हरचं नाव, युजरनेम, फोल्डरचा पत्ता आणि 'एमकेडीआयआर' ही कृती लिहितात. इथे अनेकांचा गोंधळ होतो. ही फाइल सर्व्हरकडे जातच नाही. टूल ती वाचतं आणि सर्व्हरला साधा 'एमकेडी' आदेश पाठवतं. फोल्डरच्या नावात '&' असेल तर गाडी त्याआधीच अडते, कारण एक्सएमएलमध्ये हे चिन्ह थेट लिहिता येत नाही.

खरी गंमत सर्व्हरच्या उत्तरात आहे. २५७ आलं तर फोल्डर तयार. ५५० आलं तर नाही. पण का नाही? परवानगी नाही म्हणून, वरचा फोल्डरच नाही म्हणून, की याच नावाचा फोल्डर आधीपासून आहे म्हणून? बऱ्याच सर्व्हरवर तिन्हींसाठी आकडा तोच. शेवटच्या कारणात काळजीचं काही नाही, पण पहिल्या दोन्हींत फाइल्स पोहोचणारच नाहीत. प्रोग्राम प्रत्येक ५५० ला घाबरून थांबला तर दुसऱ्यांदा चालवताना विनाकारण बंद पडतो. सरसकट दुर्लक्ष केलं तर त्याहून वाईट: सकाळपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही.

त्यामुळे आधी त्या फोल्डरमध्ये शिरून बघायचं आणि शिरता आलं नाही तरच तो बनवायचा, ही पद्धत जास्त भरवशाची. '२०२५/मार्च/१४' असा पत्ता असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, असं एकेक पायरीने जावं लागतं. एका 'एमकेडी'मध्ये तिन्ही होतील असं गृहीत धरू नये.

वेबडॅव्ह या दुसऱ्या पद्धतीत उत्तरं जास्त स्पष्ट आहेत: तयार झाला तर २०१, त्या जागी आधीच काही असेल तर ४०५, वरचा फोल्डर नसेल तर ४०९. २००९ पासून फोल्डर बनवण्याच्या विनंतीसोबत एक्सएमएल पाठवण्याचंही मानक आहे. म्हणजे तिथे एक्सएमएल खरोखर सर्व्हरपर्यंत जातं.

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. नवं काम सुरू करताना एसएफटीपी निवडलेलं बरं. आणि पासवर्ड एक्सएमएल फाइलीतच लिहून ठेवला असेल, तर ती फाइल कुणाकुणाला उघडता येते हे आधी तपासावं.