९०/१८० दिवसांचा नियम

९०/१८० दिवसांचा नियम हा युरोपातील शेंगेन क्षेत्रामधील अल्पकालीन वास्तव्याची मर्यादा ठरवणारा नियम आहे. त्यानुसार युरोपीय संघ व शेंगेन क्षेत्राबाहेरील नागरिकास कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येते. क्षेत्रातील २९ देशांचे दिवस एकत्र मोजतात. आयर्लंड व सायप्रस त्यात नाहीत.

मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागील १८० दिवसांचा हिशेब होतो. आगमनाचा व प्रस्थानाचा दिवसही धरला जातो. एक दिवस बाहेर जाऊन आल्यास मोजणी नव्याने सुरू होते, हा समज चुकीचा आहे. लीप वर्ष नसताना १ जानेवारी ते ३१ मार्च सलग राहिलेल्या व्यक्तीस ३० जूनपूर्वी परतता येत नाही.

भारतीय नागरिकांना व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. तो अनेक वर्षांचा असला तरी ही मर्यादा वाढत नाही. व्हिसावर नोंदवलेले दिवस ९० पेक्षा कमीही असू शकतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पारपत्रावरील शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदणी सुरू झाल्याने जादा मुक्काम लपणे अवघड झाले आहे.

दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी एस्टोनियाने २०२० मध्ये स्वतंत्र व्हिसा सुरू केला. दीर्घकालीन राष्ट्रीय व्हिसावरील त्या देशातील वास्तव्य ९० दिवसांत धरले जात नाही.