वैद्यकीय ऑक्सिजन आणि अग्निसुरक्षा

रुग्णास श्वसनासाठी दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनमुळे (प्राणवायूमुळे) आगीचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी रुग्णालयात व घरी घ्यावयाच्या दक्षतेचा समावेश या विषयात होतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो इतर पदार्थांच्या ज्वलनास साहाय्य करतो. म्हणून गळती रोखणे, खोलीत हवा खेळती ठेवणे आणि ठिणगी दूर ठेवणे ही या दक्षतेची मुख्य सूत्रे आहेत.

धोक्याचे स्वरूप

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते २४ टक्क्यांपर्यंत वाढले तरी पदार्थ अधिक सहज पेटतात व वेगाने जळतात. या वायूला रंग वा वास नसल्यामुळे ही वाढ जाणवत नाही. तो केस, कपडे व अंथरूण-पांघरुणात साचून राहतो. त्यामुळे पुरवठा थांबविल्यानंतरही काही वेळ धोका टिकतो.

सिलिंडरची हाताळणी

पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधील दाब सुमारे १५० बार असतो. झडप एकदम उघडल्यास रेग्युलेटरमधील वायू अचानक दाबला जाऊन अतिशय तापतो आणि तेथे तेल वा ग्रीस असल्यास पेट घेतो. म्हणून झडप सावकाश उघडावी आणि तिला तेलकट हात लावू नयेत. सिलिंडर उभे व साखळीने बांधलेले असावेत.

शस्त्रक्रियागृहात

चेहरा, मान वा श्वासनलिकेजवळ विद्युत उपकरणाने ऊतक कापताना ठिणगी, ऑक्सिजन व ज्वलनशील वस्तू एकत्र येतात. त्वचेवर लावलेले अल्कोहोलयुक्त जंतुनाशक पूर्ण वाळल्यावरच कापडी आच्छादन घालतात. तसेच ऑक्सिजनचे प्रमाण रुग्णाच्या गरजेपुरतेच ठेवतात.

घरी

रुग्णाने व इतरांनी त्या खोलीत धूम्रपान करू नये. देवघरातील दिवा, उदबत्ती, मेणबत्ती व गॅसची शेगडी रुग्णापासून दूर असावी. ओठ वा नाक कोरडे पडल्यास पेट्रोलियम जेलीऐवजी पाण्यावर आधारित मलम वापरावे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर हातावर वाळल्यावरच नळीस स्पर्श करावा. वापर नसताना पुरवठा बंद करावा. चालू नळी गादीवर ठेवू नये.

आग लागल्यास

शक्य असल्यास ऑक्सिजनचा पुरवठा प्रथम बंद करावा, कारण तो सुरू असेपर्यंत आग भडकत राहते. रुग्णालयातील कक्षाची झडप बंद करण्यापूर्वी तेथील रुग्णांसाठी पर्यायी व्यवस्था पाहावी लागते. म्हणून झडपेची जागा, ती बंद करण्याचा अधिकार व रुग्णांना हलविण्याचा क्रम आधीच ठरविणे आवश्यक असते.

उल्लेखनीय घटना

२४ एप्रिल २०२१ रोजी बगदादमधील इब्न अल-खतीब रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडरच्या स्फोटानंतर लागलेल्या आगीत ८० हून अधिक व्यक्ती दगावल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात भंडारा येथील नवजात शिशू कक्षात, तसेच विरार व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अतिदक्षता विभागांत आगी लागून जीवितहानी झाली. अशा कक्षांतील रुग्ण स्वतः बाहेर पडू शकत नसल्याने प्रतिबंधक उपायांचे महत्त्व तेथे सर्वाधिक असते.