लिव्हरचा आजार: औषध निघतं केव्हा आणि पोचतं केव्हा?

'लिव्हर खराब झालंय' असं कोणाबद्दल कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'पीत होता का?' या एका प्रश्नामुळे कितीतरी रुग्ण आजार लपवतात. लिव्हर म्हणजे यकृत कायमचं बिघडण्याची कारणं अनेक आहेत: हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, दारू, आणि लठ्ठपणा किंवा मधुमेहाबरोबर यकृतात साठणारी चरबी. यांतलं कोणतंही कारण वर्षानुवर्षं टिकलं की यकृत कडक आणि गाठाळ होऊ शकतं. त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात.

पण सिऱ्होसिस कोणाला होतो आणि त्यातून कोण तरतं, हे फक्त विषाणू किंवा बाटली ठरवत नाही. तुमचा खिसा, तुमचा पत्ता आणि तुमचं जन्मसाल हेही ठरवतं. गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहा, म्हणजे पटेल.

विकत मिळणारं रक्त

हिपॅटायटिस बीचा माग १९६५ साली बारूक ब्लम्बर्ग यांना लागला. त्यासाठी त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. हा आजार रक्तातून पसरतो हे तोवर कळलं होतं. आपल्याकडे मात्र रक्तपेढ्यांतलं बरंच रक्त पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून येत असे. पोटासाठी रक्त विकणारा माणूस 'मला कावीळ झाली होती' असं कशाला सांगेल? त्याचे त्या दिवसाचे पैसे बुडाले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची ही विक्री बंद झाली. हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये सापडला, पण आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये.

अमिताभ बच्चन यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९८२ मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर त्यांना अनेक दात्यांचं रक्त द्यावं लागलं आणि त्यातून हिपॅटायटिस बी शिरला. पुढे अनेक वर्षांनी एका तपासणीत तो सापडला, तोवर यकृताचा सुमारे ७५ टक्के भाग निकामी झाला होता. हे ते स्वतः जाहीरपणे सांगतात. त्रास नसतानाही तपासणी झाली, म्हणून आजार कळला. रोजंदारीवरचा माणूस पोटात पाणी झाल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावरच दवाखान्यात येतो. विषाणू दोघांचा सारखाच, पण निदानाची वेळ वेगळी.

लस आणि गोळी

हिपॅटायटिस बीची लस परदेशात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली. आपल्याकडे ती आयात व्हायची आणि महाग होती. ज्यांना परवडायची ते घ्यायचे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि भाव उतरले. तरीही सरकारी लसीकरणातून ती देशभरातल्या बाळांना मिळायला २०११ उजाडलं. म्हणजे लस निघाल्यापासून जवळजवळ तीस वर्षं. या तीस वर्षांत जन्मलेली कितीतरी मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी लस घेतलेलीच नाही.

हिपॅटायटिस सीसाठी २०१३ मध्ये सोफोसबुविर ही गोळी अमेरिकेत आली. तीन महिन्यांच्या उपचाराची किंमत होती ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीला १,००० डॉलर. २०१५ मध्ये भारतीय कंपन्यांनी तीच गोळी अगदी थोड्या किमतीत बाजारात आणली. २०१८ पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना सी होता. यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

दारूबंदीत परमिट कोणाला?

१९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. त्यातही प्रकृतीच्या कारणासाठी दारूचं परमिट मिळायची सोय होती. ज्यांची डॉक्टरांपर्यंत आणि कचेरीपर्यंत पोच होती ते परमिटवर पीत, बाकीचे हातभट्टीची. तो फरक पुरता पुसला गेलेला नाही. जून २०१५ मध्ये खाडीपलीकडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. ते मिथेनॉलचं विष होतं, सिऱ्होसिस नव्हे. पण स्वस्तातलं काय पोटात जातं, हे त्यातून दिसलं. तितकीच दारू पिऊनही गरिबाचं नुकसान जास्त होतं, असं अनेक देशांत आढळलं आहे. त्यात अपुरं खाणं, सोबतचे इतर आजार आणि उशिरा मिळणारा उपचार यांचा मोठा वाटा असावा.

मनोरी ते परळ

सिऱ्होसिसच्या रुग्णाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, कारण यकृताचा कॅन्सर लवकर पकडायचा असतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांसाठी एन्डोस्कोपी लागते, आणि कधी पोटातलं पाणी काढावं लागतं. मनोरीहून परळच्या केईएमला जायचं म्हणजे आधी मार्वेपर्यंत फेरीबोट, मग मालाड स्टेशन, मग लोकल. रुग्णाचा दिवस बुडतो आणि सोबत येणाऱ्याचाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लोक येणं सोडतात, आणि कागदावर लिहिलं जातं, 'रुग्णाने उपचार अर्धवट सोडले.'

जेवणाचंही तसंच. पोटात पाणी असेल तर आम्ही सांगतो, मीठ कमी करा, पण प्रथिनं भरपूर खा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, हातात पैसा नसतो आणि घरात असते खारवलेली मासळी. तेव्हा नुसतं 'खारं खाऊ नका' म्हणून भागत नाही. त्याऐवजी अंडी, डाळ, उसळ, किंवा मीठ न लावता वाळवलेले बोंबील खा.

तुम्ही काय कराल?

• २००१ पूर्वी रक्त घेतलं असेल, डायलिसिस चालू असेल, गोंदवून घेतलं असेल किंवा घरात कोणाला हिपॅटायटिस बी असेल, तर बी आणि सी दोन्हींची तपासणी करून घ्या.

• गरोदरपणात हिपॅटायटिस बीची तपासणी चुकवू नका. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळालाच पाहिजे.

• तपासणीत बी आढळला नाही, पण लस झालेली नसेल, तर मोठ्या वयातही घेता येते.

• औषध विकत आणण्याआधी सरकारी रुग्णालयात मोफत उपचार केंद्राची चौकशी करा.

• हिपॅटायटिस बी किंवा सी एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने पसरत नाही. रुग्णाला वेगळं काढू नका.

लस आहे, औषध आहे, आणि आता ती फुकटही आहेत. ती मिळवायला रुग्णाने बोललं पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी कोणाचं लिव्हर बिघडल्याचं कळलं, तर 'पीत होता का?' असं विचारण्याऐवजी 'तपासणी झाली का? सोबत येऊ का?' असं विचारा.