भानूताईंचे ऑस्कर

मंडळी, भारताला पहिले ऑस्कर कोणामुळे मिळाले असे विचारले, की पुष्कळ जण सत्यजित राय किंवा रहमान यांचे नाव घेतात. राय यांना ते १९९२ मध्ये मिळाले, रहमान यांना २००९ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, ११ एप्रिल १९८३ रोजी, कोल्हापूरच्या राजोपाध्यांच्या लेकीने ते घेतले होते. भानू अथय्या! लग्नानंतरचे हे आडनाव ऐकून त्या आपल्याकडच्या असतील असे वाटतच नाही.

वडील अण्णासाहेब चित्रकार, ते मुलीच्या लहानपणीच गेले. भानूताई मुंबईला जे. जे. मध्ये शिकल्या. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. मासिकांसाठी फॅशनची रेखाटने काढता काढता त्या सिनेमाकडे वळल्या. 'सीआयडी' (१९५६), 'प्यासा' (१९५७), मग 'आम्रपाली' (१९६६), ज्यासाठी त्यांनी अजिंठ्याची चित्रे अभ्यासली. 'ब्रह्मचारी' (१९६८) मधली मुमताजची नारिंगी साडीही त्यांचीच. (आमच्या पिढीत ती आठवत नाही म्हणणारा खोटे बोलतो!)

पण मी इतिहासाचा मास्तर. माझ्या लेखी त्यांचे मोठे काम म्हणजे 'गांधी'. गांधीजींनी १९२१ मध्ये पंचा स्वीकारला, हे पाठ्यपुस्तक एका वाक्यात उरकते. मार्च १९२७ मध्ये ते आमच्या रत्नागिरीत सावरकरांना भेटले, तेही याच वेशात. सिनेमात १८९३ च्या आगगाडीतला सुटाबुटातला बॅरिस्टर हळूहळू पंचावर येतो, आणि भाषण न ऐकताही सारे समजते. पाश्चात्य पात्रांचे कपडे जॉन मोलो यांनी केले, भारतीयांचे भानूताईंनी. ऑस्कर दोघांना मिळून. श्रीमंती दाखवायला जरीकाठ पुरतो, गरिबी दाखवणे अवघड. कोरे कापड पडद्यावर लगेच नाटकी दिसते, ते धुवून, चुरगळून, मळवून घ्यावे लागते. रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा आठवून पाहा. लुगडे रोजच्या वापरातले वाटते ना?

२०१२ मध्ये भानूताईंनी ते ऑस्कर स्वतःहून अकादमीकडे परत पाठवले. आपल्यामागे ते इथे नीट राहील असा भरवसा त्यांना नव्हता. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ मध्ये चोरीला गेले होते, हे त्या विसरल्या नव्हत्या. मला आधी वाईट वाटले. पण आमच्या कोकणातल्या बायकांना विचारा. दमट हवेत ट्रंकेतला शालू घडी न बदलता ठेवला, तर घडीवरच विरतो. ज्या बाईने जन्मभर कापड हाताळले, तिला वस्तू कशी नाहीशी होते हे आपल्याहून जास्त कळत असणार. निर्णय त्यांचा होता आणि तो बरोबर होता.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या मुंबईत गेल्या. कोल्हापूरच्या एखाद्या पोराला ती पुतळी पाहायची, तर आता अमेरिका गाठायला हवी. हे मात्र माझ्या गळी अजून उतरत नाही.